शरीर एकच, पण समजूत कुणाच्या सोयीची?

सर, तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. तुम्ही हायस्कूलला मराठी शिकवता. अभंगांत देह कधी घाणीचं कोठार असतो, तर कधी देऊळ. पुढच्याच तासाला विज्ञानाचे शिक्षक त्याच देहाचं हृदय, फुप्फुस, पेशी असं फळ्यावर काढतात. आणि घरी आजी सांगते, अंगात कडकी भरलीया, पित्त खवळलंय, चार दिवस देवाला शिवू नको. पोरांनी विचारलं, ह्यातलं खरं कुठलं? तुम्ही तो प्रश्न माझ्याकडे ढकललात आणि शेवटी एक पोटप्रश्न जोडलात: पाळीचा विषय मुलं-मुली एकत्र बसलेली असताना काढावा का?

मी निपाणीत, म्हणजे कर्नाटकाच्या बेळगाव जिल्ह्यात महाराष्ट्राच्या हद्दीला लागून, जनरल प्रॅक्टिस करतो. चिकोडी, हुक्केरीपासून पार कागल-मुरगूडपर्यंतचे पेशंट येतात. कोण मराठी बोलतो, कोण कानडी, बरेचजण एकाच वाक्यात दोन्ही. त्यामुळे खरं-खोटं ठरवण्याआधी समोरचा काय म्हणतोय हे कळण्यातच माझी निम्मी शक्ती जाते. तर माझी पद्धत सांगतो. शरीराबद्दल कुणीही काहीही ठामपणे सांगितलं, मग तो डॉक्टर असो, देवऋषी असो, सरकार असो की कवी, की मी मनात विचारतो: ही समजूत कुणाच्या सोयीची आहे? सोयीची म्हणजे खोटी असं नव्हे. पण सोय कळली की त्या समजुतीचा उपयोग कुठपर्यंत आणि धोका कुठून सुरू, हे दिसायला लागतं.

सगळ्यात साधं उदाहरण ‘गॅस’चं. पन्नाशीचा माणूस, कपाळावर घाम, तळहात छातीच्या मधोमध दाबून धरलेला, आणि तोंडात एकच: ‘डाक्टर, गॅस धरलाय.’ ओवा चावून झालेला असतो, सोडा पिऊन झालेला असतो, कुणीतरी पाठीवर बुक्क्याही मारलेल्या असतात. ईसीजी काढला की हार्ट अ‍ॅटॅक. आता हा माणूस अडाणी म्हणून असं बोलतो असं कुणाला वाटेल, पण तसं नाही. हृदयाकडून येणाऱ्या वेदनेच्या नसा मज्जारज्जूच्या ज्या पातळीवर शिरतात, त्याच पातळीवर छातीच्या कातडीतून आणि डाव्या हाताच्या आतल्या कडेने येणाऱ्या नसाही शिरतात. मेंदूला वरून एवढंच कळतं की त्या मजल्यावरून ओरड आली, खोली कुठली ते कळत नाही. म्हणून हृदयाचं दुखणं हातात, जबड्यात, कधी पोटाच्या वरच्या भागात जाणवतं. हृदयाचा खालचा भाग डायाफ्रामवर, म्हणजे छाती आणि पोट ह्यांमधल्या स्नायूच्या पडद्यावर टेकलेला असतो, तिथे रक्त अडलं तर मळमळ आणि ढेकर हीच मुख्य तक्रार असू शकते. पेशंटला जे जाणवलं ते त्याने प्रामाणिकपणे सांगितलं. मधुमेहाच्या माणसात आणि बऱ्याच बायकांत तर छातीत दुखतही नाही, नुसता दम लागतो, हातपाय गळून जातात.

पण ‘गॅस’ हेच नाव का? कारण ते सोयीचं आहे. गॅसला खर्च नाही, ॲडमिट व्हायचं नाही, कारखान्याची तोड आलेली असताना ऊस सोडून जायला नको. रक्तवाहिनीतली गुठळी विरघळवायचं इंजेक्शन पहिल्या काही तासांत जेवढं काम करतं तेवढं नंतर करत नाही, आणि बारा तासांनंतर त्याचा फारसा उपयोगच उरत नाही. तेवढा वेळ हे नाव खाऊन टाकतं. आणि समजा निदान झालं, तर पुढे न्यायचं कुठं? कोल्हापूर जवळ, बेळगाव लांब, मिरजेला पाहुणे. 2023 मध्ये महाराष्ट्र सरकारने सीमाभागातल्या 865 गावांना आपली आरोग्य विमा योजना लागू करायचं ठरवलं, कर्नाटक सरकारने हरकत घेतली. दोन्ही राज्यांना आमची शरीरं हवी आहेत ह्याचा आनंद मानावा की काय, मला अजून ठरवता आलेलं नाही.

आता विज्ञानाकडे येऊ, कारण मुलांना वाटतं तिथे तरी सोय वगैरे काही नसेल. तिथेही असते, फरक एवढाच की ती उघडी पडायची सोय विज्ञानाने स्वतःतच ठेवली आहे. रोमन काळातला गेलन हा वैद्य युरोपात तेरा-चौदाशे वर्षं प्रमाण मानला गेला. माणसाचं प्रेत फाडायला त्या काळी बंदी, म्हणून त्याने माकडं आणि डुकरं फाडली. त्यामुळे माणसाचा खालचा जबडा दोन हाडांचा आहे असं शतकानुशतकं शिकवलं जात होतं. 1543 मध्ये वेसेलियस ह्या वैद्याने माणसाची प्रेतं स्वतः फाडून पाहिली आणि लिहिलं की हाड एकच आहे. हे ऐकून कित्येक प्राध्यापक त्याच्यावरच चिडले. जबडा त्यांच्याही तोंडात होता, पण चाचपून बघण्यापेक्षा पोथी सोयीची.

आपल्याकडची गोष्ट ह्याहून रंजक आहे. सुश्रुतसंहितेत प्रेत अभ्यासायची रीत दिली आहे: सर्व अवयव शाबूत असलेलं प्रेत गवतात गुंडाळून, पिंजऱ्यात घालून वाहत्या पाण्यात ठेवायचं, सात दिवसांनी बाहेर काढून वाळ्याच्या किंवा बांबूच्या कुंच्याने हळूहळू घासत एकेक थर सोडवायचा आणि डोळ्यांनी बघायचं. सुरीचा उल्लेख नाही. प्रेताला शिवण्याचं एवढं वावडं असलेल्या समाजात कुणीतरी ही वाट काढली आणि शिवाय बजावलं की नुसत्या शास्त्रावर राहू नका, प्रत्यक्ष पाहा. मला ह्याचं फार कौतुक आहे. मात्र पाण्यात सात दिवस राहिलेल्या देहात हाडं, सांधे, स्नायुबंध छान दिसतात, मेंदू आणि बारीक नसा काय दिसणार? बघण्याची रीत जशी, तसंच ज्ञान. सुश्रुत हाडं 300 सांगतो, चरक 360, आणि आपलं पुस्तक 206. मुलं हसतात. त्यांना सांगा की चरकाने दात आणि नखंही हाडांतच धरली आहेत, आणि बाळ जन्मतं तेव्हा त्याची हाडं आजच्या मोजणीनेही तीनशेच्या आसपास भरतात, पुढे ती जुळत जुळत 206 होतात. मोजणारा काय मोजतोय हे आधी विचारायचं.

1836 मध्ये कलकत्त्याच्या मेडिकल कॉलेजात पंडित मधुसूदन गुप्तांनी प्रेतावर सुरी चालवली तेव्हा सगळीकडे खळबळ उडाली होती. आणि आपल्या जिल्ह्यात 2010 साली काय झालं ते मुलांना जरूर सांगा. बैलहोंगलच्या डॉ. बसवण्णप्पा रामण्णवरांनी देहदानाची इच्छा लिहून ठेवली होती. त्यांचे चिरंजीव डॉ. महांतेश बेळगावच्या आयुर्वेद महाविद्यालयात शरीररचना शिकवतात. वडील 2008 मध्ये गेले आणि 2010 मध्ये मुलानेच, विद्यार्थ्यांसमोर, वडिलांच्या देहाचं विच्छेदन केलं. तेव्हा बऱ्याच लोकांनी नाकं मुरडली. मी म्हणतो, त्या टेबलावर तीन समजुती एकदम होत्या. तो बापाचा देह होता, समाजाच्या दृष्टीने अंत्यविधी लांबलेलं प्रेत होतं, आणि शिकणाऱ्या पोरांसाठी पुस्तक होतं. कुठलीच खोटी नव्हती आणि मुलाला तिन्ही एकाच हातांनी सांभाळाव्या लागल्या. त्यानंतर आपल्या भागात देहदानाचे फॉर्म भरायला लोक पुढे यायला लागले, हा मात्र निखळ फायदा.

विज्ञानाची दुसरी सोय म्हणजे सरासरी. वजन-उंचीचं जे गणित, बीएमआय, आता पोरंसुद्धा मोबाइलवर काढतात, ते बेल्जियमच्या केटले ह्या गणितज्ञाने 1830 च्या दशकात मांडलं. त्याला ‘सरासरी माणूस’ शोधायचा होता, लठ्ठपणा नव्हे. पुढे विमा कंपन्यांना आणि डॉक्टरांना एक आकडा हवा होता, तो आयता मिळाला. आता ह्या आकड्याची गंमत पुण्याच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांनी करून दाखवली. 2004 मध्ये त्यांनी आणि लंडनच्या डॉ. जॉन युडकिन ह्यांनी ‘लॅन्सेट’ ह्या वैद्यकीय नियतकालिकात स्वतःचेच फोटो छापले. दोघांचाही बीएमआय 22.3. पण युडकिनांच्या अंगात चरबी 9.1 टक्के आणि याज्ञिकांच्या 21.2 टक्के. आकडा एक, शरीरं दोन. त्यांच्याच पुण्याजवळच्या खेड्यांतल्या अभ्यासात नवजात बाळांचं सरासरी वजन 2.7 किलो भरलं, इंग्लंडमधल्या बाळांचं 3.5 किलो. आपली बाळं हडकुळी, पण चरबी त्या मानाने टिकून, म्हणजे स्नायू कमी. पुढे चाळिशीत साखर का चढते त्याची मुळं तिथे आहेत. म्हणून आपल्यासाठी जास्त वजनाची रेघ 25 ऐवजी 23 वर ओढतात. माझ्याकडे येणारा सडपातळ, पोट किंचित सुटलेला शेतकरी ‘मला कसली शुगर, मी कुठं जाडाय’ म्हणतो, तेव्हा त्याच्या डोक्यातलं शरीरसुद्धा युरोपातलंच असतं, फक्त त्याला ते ठाऊक नसतं.

आता माझ्या गावाच्या मुख्य विषयावर येतो. निपाणी म्हणजे तंबाखू आणि तंबाखू म्हणजे विडी.

विडी वळणाऱ्या बाईचा हात मुलांना एकदा जवळून बघू द्या, वर्गातल्या कुणाच्या तरी आईचा किंवा आजीचाच मिळेल. तेंदूचं पान भिजवून मऊ केलेलं असतं, ते पत्र्याच्या मापावर ठेवून कात्रीने कापायचं. मांडीवर सूप, सुपात जर्दा. चिमूटभर पानात पसरायचा, अंगठा आणि पहिल्या दोन बोटांत पान सरकवत वळायचं, दोरा गुंडाळायचा, तोंड मोडून आत दाबायचं. दिवसाला हजाराच्या घरात. ओलं पान, कोरडा जर्दा, दोरा, पुन्हा ओलं पान. काही वर्षांत बोटांच्या टोकांची कातडी गुळगुळीत आणि पिवळट-तपकिरी होते, कात्रीच्या कडेने अंगठ्याच्या बुडाशी घट्टा पडतो. मान कायम खाली, त्यामुळे मानेपासून खांद्यापर्यंत कळ. तक्रार मात्र ह्यातली कुठलीच नसते. परवा एक मावशी आल्या, त्यांचं म्हणणं, ‘डाक्टर, अंगठा उठंना. रेशन द्यायला तयार न्हाईत.’

मशीनवर बोट टेकवलं तर ठसा उमटत नाही, म्हणजे सरकारच्या लेखी ती बाई नाही. बोटांवरच्या रेषा आईच्या पोटातच, चौथ्या-पाचव्या महिन्याच्या सुमाराला तयार होतात. त्यांचा साचा कातडीच्या खालच्या थरात असतो, म्हणून वरून घासल्या तरी विश्रांती मिळाली की काही आठवड्यांत पुन्हा उमटतात. पण विश्रांती द्यायची कुणी? ही ठशांची पद्धत मुळात आपल्याच देशात रुजली, हेही मुलांना सांगा. 1858 मध्ये बंगालमधल्या हर्शेल नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने एका कंत्राटदाराच्या पंजाचा ठसा करारावर घेतला, का, तर उद्या त्याने सही नाकारू नये. 1897 मध्ये कलकत्त्यात ठशांचं जगातलं पहिलं कार्यालय निघालं आणि ठशांची वर्गवारी करण्याचं बरंचसं डोकं अझीझुल हक आणि हेमचंद्र बोस ह्या दोन फौजदारांचं होतं. राज्यकर्त्याला ओळख पटवायला शरीर सोयीचं वाटलं, कारण माणूस खोटं बोलेल, बोट बोलणार नाही. त्या हिशेबात एकच गोष्ट धरली नव्हती: कामाने बोट झिजतं. मी मावशींना रात्री खोबरेल चोळून झोपायला सांगितलं, दुसरं बोट लावून बघायला सांगितलं, आणि मुलाला सांगितलं की मोबाइलवर ओटीपी येतो का बघ, नाहीतर डोळ्याचं बुबुळ तपासून काम होतं का विचार. प्रिस्क्रिप्शनवर हे लिहायची वेळ यावी, ही कुठल्या शाखेची प्रॅक्टिस म्हणायची?

आणखी एक. तंबाखू न खाताही अंगात जाते. निकोटिन ओल्या कातडीतून आत शिरतं. दवात भिजलेल्या तंबाखूत खुडणीचं काम करणाऱ्याला गरगरतं, उलट्या होतात, डोकं धरतं. गावात त्याला ‘तंबाखू लागली’ म्हणतात आणि चहा पाजून पुन्हा रानात पाठवतात. जगभरच्या वैद्यकीय पुस्तकांत हा आजार नोंदलेला आहे. इथे मात्र ती सवय नसल्याची खूण समजली जाते. ‘बायकांची बोटं नाजूक, म्हणून विडी त्यांनीच वळावी’ हेही असंच शरीराबद्दलचं विधान. ज्याला हजारी, म्हणजे हजार विड्यांमागची मजुरी, कमी द्यायची आहे त्याच्या सोयीचं. त्याच नाजूक हातांनी त्या दोन हंडे पाणी घेऊन चढ चढतात तेव्हा कुणाला नाजूकपणा आठवत नाही.

पुरुषांचं शरीर ह्यातून सुटलंय असं समजू नका. बेळगावात मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र, त्यामुळे सीमाभागातल्या घराघरात एक पोरगा भरतीसाठी पळत असतो. छाती 77 सेंटिमीटर, फुगवून आणखी 5. तळवा सपाट निघाला की बाहेर. भरतीतून परत आलेला पोरगा माझ्यासमोर बसतो ते जन्माचा अपंग झाल्यासारखा. मी त्याला टाचा उचलून चवड्यांवर उभा करतो. तळव्याची कमान दिसायला लागली तर तो लवचीक सपाट पाय, अशा बहुतेकांना आयुष्यभर कसलाही त्रास होत नाही. फौजेला पाठीवर ओझं घेऊन मैलोन्‌मैल चालणारा पाय हवा, ती गरज रास्त आहे. पण फौजेचं माप हे फौजेपुरतं. ते गावात लग्नाच्या बोलणीपर्यंत जातं, ते चूक.

उलटंही होतं. बेळगावात आनंदवाडीच्या मैदानात कुस्त्या बघायला गेलात तर पैलवानाचे कान बघा, कोबीच्या गड्ड्यासारखे मोडलेले. कान घासला, चुरगळला की कुर्चा, म्हणजे कानातलं मऊ हाड, आणि तिच्यावरचं आवरण ह्यांच्यामध्ये रक्त साठतं. कुर्चेला रक्तपुरवठा त्या आवरणातूनच, तो तुटला की ती मरते आणि वेडीवाकडी घट्ट होते. पहिल्या काही दिवसांत रक्त काढून दाबपट्टी बांधली तर कान वाचतो. पण वस्ताद बांधू देत नाहीत आणि पोरालाही नको असतं. मोडलेला कान म्हणजे तालमीतला दाखला. वैद्यकाच्या पुस्तकात जे व्यंग, ते तालमीत भूषण. मी सांगायचं काम करतो, पुढे त्याची मर्जी. तालमीतला दुसरा समज मात्र मी सोडत नाही: वीर्याचा एक थेंब म्हणजे रक्ताचे चाळीस थेंब. रस, रक्त, मांस, मेद, अस्थी, मज्जा, शुक्र ह्या सात धातूंच्या क्रमातून ही कल्पना निघाली आणि पोरांच्या मानेवर बसली. झोपेत कपडे ओले झाले की महिनाभर अशक्तपणा, लक्ष लागत नाही, अंगातून जीव चाललाय. ह्या आजाराला 1960 मध्ये डॉ. विग ह्यांनी धात सिंड्रोम असं नाव दिलं. शरीरातून काही कमी झालेलं नसतं, भीती मात्र पुरेपूर खरी असते. र. धों. कर्वे हे सगळं 1927 पासून ‘समाजस्वास्थ्य’मध्ये स्वच्छ मराठीत लिहीत होते. त्याबद्दल त्यांच्यावर अश्लीलतेचे खटले झाले, 1934 च्या खटल्यात त्यांचं वकीलपत्र डॉ. आंबेडकरांनी घेतलं. एवढ्या वर्षांनंतरही माझ्या केबिनमध्ये तेच थेंब मोजले जातात, कारण घाबरलेल्या तरुणाला टॉनिक विकणं सोयीचं आहे.

जटेबद्दल लिहिल्याशिवाय हे उत्तर पुरं होणार नाही. तुमच्याही शाळेत अशी मुलगी आली असेल. केसांत गुंता होतो, तेल-धूळ-घाम बसतो, विंचरलं नाही की केस एकमेकांत पिळत जातात. चार-सहा महिन्यांत दोरखंड. घरातलं कुणीतरी म्हणतं, सौंदत्तीच्या यल्लम्माची जट आली, आता फणी लावायची नाही. हळद-भंडारा लागतो, गुंता आणखी घट्ट. पूर्वी पुढचं पाऊल मुलगी देवीला सोडण्याचं असायचं. आपला जिल्हा मुंबई इलाख्यात होता तेव्हा 1934 चा देवदासी संरक्षण कायदा होता, कर्नाटकाने 1982 मध्ये कडक कायदा केला. सोडणं पुष्कळ कमी झालं, जट राहिली. अशी मुलगी आली की मी आधी मानेला हात लावतो. ओली झाली की जट चांगलीच जड होते, मानेचे स्नायू कडक झालेले असतात. मुळाशी उचलून बघितलं तर उवा, खाजवून झालेले फोड, कधी पू, आणि वास. कापायला वेळ लागतो, कारण डोक्यालगत केस इतके ताणलेले असतात की कात्रीचं टोक शिरत नाही. आधी दोन बोटं आत सरकवून कातडी सोडवावी लागते. घरचे दाराशी उभे, कुणाला काही होणार तर नाही ना, ह्या धास्तीत.

मी तिथे भाषण देत नाही. केस म्हणजे मेलेल्या पेशी, त्यात देवी कुठली, हे खरं असलं तरी त्या क्षणी निरुपयोगी. आजी म्हणते, जट गटारात टाकू नका, डोंगरावर नेऊन ठेवते. मी कागदात बांधून देतो. पुष्कळ कार्यकर्त्यांना हे पटत नाही, त्यांच्या मते मी अंधश्रद्धा पोसतो. माझं म्हणणं, पोरीची मान मोकळी झाली, ती शाळेत बसायला लागली, आता आजीला तिचा मार्ग काढू द्या. पण जट ठेवूनच फोडावर मलम द्या म्हणणाऱ्याला मी नाही म्हणतो. तिथे देवीची नव्हे, घरच्यांची सोय असते. जट असलेल्या मुलीचं लग्न करावं लागत नाही आणि जोगव्याला जाणारे हात वाढतात.

आणि आता तुमचा विषय, अभंग. मुलांचा गोंधळ खरा आहे. एकच रामदास दासबोधाच्या पहिल्या दशकात नरदेहाची स्तुती करतात आणि तिसऱ्या दशकात गर्भातली घाण अशी वर्णन करतात की वाचणाऱ्याला ओकारी यावी. तुकोबांनी तर एकाच अभंगात ‘शरीर दुःखाचें कोठार’ म्हटलं आणि लगेच ‘शरीर उत्तम चांगलें’, ‘शरीर सुखाचें घोंसुलें’ म्हणजे घरटं म्हटलं, असं आळीपाळीने करत शेवटी ‘शरीर वोखटें ना चांग’, म्हणजे वाईटही नाही, चांगलंही नाही, ह्यावर येऊन थांबले. त्याला लाडही नको, छळही नको. साखरेच्या पेशंटला मी ह्याहून चांगला सल्ला देऊ शकत नाही. वर्गात कोठार आणि घोंसुलं ह्यांपैकी एक ओळ निवडून भावार्थ लिहून घेतात, तिथे घोटाळा होतो. अख्खा अभंग वाचून घ्या. पलीकडे कानडीत बसवण्णा बाराव्या शतकात म्हणाले, श्रीमंत देवळं बांधतील, मी गरीब काय करू, माझे पायच खांब, देहच देऊळ, डोकं हाच सोन्याचा कळस. वर्गातल्या निम्म्या पोरांना हे वचन मुळातून येत असेल, त्यांच्याकडून म्हणवून घ्या. देह देऊळ म्हणजे काहीतरी मोघम पवित्र, असा अर्थ त्यात नाही. देवळात कुणाला शिरू द्यायचं हे ठरवणाऱ्यांची त्यात अडचण आहे.

पण माझ्या मते सगळ्यांत पुढे गेली ती सोयराबाई. चोखोबांची बायको, चौदावं शतक, शिवाशिवीचा मार रोज खाणारी. ती म्हणते, ‘देहीचा विटाळ देहीच जन्मला । सोवळा तो झाला कवण धर्म ॥’ आणि पुढे विचारते की विटाळावाचून निर्माण झालेला देह जगात आहे तरी कुठला? मी गर्भाशयाची रचना शिकलो ती पुस्तकातून आणि प्रेतावरून. सोयराबाईने ह्यातलं काही पाहिलं नव्हतं, तरी तिचा युक्तिवाद शरीरशास्त्राच्या बाजूने भक्कम उभा राहतो: ज्या अस्तरात बाळ रुजतं, तेच अस्तर बाळ नसलं की पाळीत बाहेर पडतं. एका महिन्यात ते पवित्र आणि पुढच्या महिन्यात विटाळ, हे कुणाच्या सोयीचं, एवढंच तिने विचारलं.

म्हणून तुमच्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर: हो, एकत्र बसवूनच काढा, आणि ह्याच अभंगापासून काढा. मुलींना वेगळ्या खोलीत नेऊन सांगितलं की मुलांना कळतं, काहीतरी लपवण्यासारखं आहे. पाळीत जाणारं रक्त साधारण 30 ते 40 मिलिलिटर असतं, म्हणजे दोन-तीन मोठे चमचे. 80 च्या वर गेलं, तासातासाला पॅड बदलावा लागला, मोठ्या गाठी पडल्या, तर डॉक्टरला दाखवायचं. हे आकडे मुलग्यांनाही माहीत असू देत, उद्या त्यांच्या घरात कुणीतरी पांढरीफटक होऊन ‘जरा अशक्तपणा आहे’ म्हणेल तेव्हा कामाला येतील. बाईचं हिमोग्लोबिन 12 च्या खाली म्हणजे रक्त कमी, गरोदर असेल तर 11 च्या खाली. शाळेत आठवड्याला मिळणारी लोहाची निळी गोळी मुलं खिडकीतून टाकतात, कारण ती घेतली की शौचाला काळी होते आणि घाबरगुंडी उडते. त्यात काही बिघडलेलं नसतं, न शोषलेलं लोह बाहेर जातं, बस्स. गोळी जेवणानंतर घ्यायची, तिच्यावर लगेच चहा प्यायचा नाही, लिंबू चालेल. एखाद्या मुलाने ‘आमच्यात पाळीत लोणच्याला हात लावत नाहीत’ म्हटलं तर त्याला गप्प करू नका. लोणचं खरंच नासतं का, हे घरी दोन बरण्या ठेवून बघायला सांगा, आणि निकाल महिन्याभराने वर्गात त्याच्याच तोंडून येऊ द्या.